लाडका प्लेयर कोच झाला की त्याला जोखायचं कसं

एखादा जुना स्टार कोच झाल्याची बातमी आली की आपल्या ग्रुपवर काय होणार ते ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी त्याचे जुने गोल, जुने फोटो, "घरचा माणूस आला", "आता बघा मजा", आणि आठ-दहा मॅच झाल्या की तीच मंडळी "हाकला रे याला" करत सुटतात. मधल्या काळात त्या माणसाने नक्की काय केलं याचा कोणाला पत्ता नसतो, कारण आपण सगळे फक्त स्कोअर बघत असतो. हे गाईड त्या मधल्या काळासाठी. फॅनने कोचबद्दल बोलूच नये असलं काही मी सांगणार नाहीये, रात्री दीडची चॅम्पियन्स लीग बघून सकाळची फास्ट पकडणाऱ्या माणसाला बोलायचा पूर्ण हक्क आहे. फक्त प्लेयरचा हिशोब आणि कोचचा हिशोब वेगवेगळा मांडायला शिकायचं, बास.

आधी तो प्लेयर डोक्यातून काढा

हे सगळ्यात अवघड आहे म्हणून पहिलं घेतो. करायचं काय, तर मॅच बघताना त्याचं नाव झाकायचं. समजा डगआउटमध्ये उभा असलेला माणूस तुम्हाला माहीतच नाही, कुठून तरी आलेला कोणीतरी आहे, आणि त्याच्या टीमने हा असा खेळ केला, तर तुम्ही काय म्हणाल? तेच म्हणा. त्याने तुमच्या लहानपणी तीस यार्डावरून मारलेला गोल इथे धरायचा नाही, आणि उलटं पण तेवढंच, कधी मोठ्या लेव्हलला खेळलाच नाही म्हणून एखाद्याला उडवून पण लावायचं नाही.

मुंबईकराला तर हे समजायला जड जाऊ नये. आचरेकर सर स्वतः फर्स्ट क्लासची एकच मॅच खेळले होते, आणि शिवाजी पार्कवर त्यांना आजवर कोणी विचारलं नाही की सर तुमचा हायेस्ट स्कोअर किती. क्रिकेटमध्ये आपल्याला हे कळतं पण फुटबॉल आला की आपण पोस्टर बघून भाळतो.

आणि आपल्याकडे तर याचं आख्खं रेकॉर्ड पडलंय. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा सगळ्यांनाच मोठी नावं हवी होती. मुंबई सिटीने पहिल्या सीझनला पीटर रीड आणला, एव्हर्टनचा जुना मिडफिल्डर, ८६ च्या वर्ल्डकपमध्ये मॅराडोना ज्यांना मागे टाकत पळाला त्यातला एक. आठ टीममध्ये आपण सातवे. पुढच्या वर्षी निकोलस अनेल्का प्लेयर-कोच, म्हणजे रिआल माद्रिद, आर्सेनल, चेल्सी सगळीकडे खेळलेला माणूस, आणि टीममध्ये सुनील छेत्री, ज्याने त्या सीझनला नॉर्थईस्टविरुद्ध हॅटट्रिक मारली, लीगमधली कुठल्याही इंडियन प्लेयरची पहिली. तरी नंबर सहावा, आणि गोव्याकडून ०-७. सात! त्या रात्री ज्यांनी टीव्ही बंद केला नाही त्यांना माझा सलाम.

मग ज्यांची नावं आपल्याला गुगल करावी लागली ते आले. सर्जिओ लोबेरा, प्लेयर म्हणून कोणाला आठवत असेल तर मला सांगा, त्याने २०२०-२१ ला लीग शील्ड (टेबलमध्ये पहिला आल्याची) आणि ट्रॉफी (फायनल जिंकल्याची) दोन्ही एकाच सीझनमध्ये आणली. डेस बकिंगहॅम तर कधी प्रोफेशनल खेळलाच नाही, अगदी तरुणपणापासून कोचिंगच करतोय, त्याच्या हाताखाली २०२२ मध्ये मुंबई सिटी एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला इंडियन क्लब झाला, इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून, आणि २०२२-२३ ची शील्ड पण आली.

पण थांबा, लगेच "मोठे प्लेयर कोच म्हणून फालतू" असा निष्कर्ष काढू नका, कारण मटेराझीने चेन्नईयिनला २०१५ ची ट्रॉफी जिंकून दिली, झिकोने त्याच वर्षी गोव्याला फायनलला नेलं. आणि त्याच लीगमध्ये रॉबी फाउलर ईस्ट बंगालला घेऊन नववा आला, टेडी शेरिंगहॅमला एटीकेने अर्ध्या सीझनमध्ये घरी पाठवलं. म्हणजे खेळला किती मोठा यावरून काहीच कळत नाही. मग कशावरून कळतं?

हातात काय मिळालं होतं ते बघा

कुठल्याही कोचला मार्क द्यायच्या आधी दोन ओळी लिहा: आला तेव्हा टीम कुठे होती, आणि गेला तेव्हा कुठे. यात पैसा पण आला. वर जे मुंबई सिटीचं सांगितलं त्यात मी मुद्दाम एक गोष्ट लपवली होती. सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीवाले, क्लबमध्ये आले २०१९ च्या शेवटी. रीड आणि अनेल्काला ते काही मिळालं नाही, स्काउटिंग नाही, तो डेटा नाही, तेव्हाची लीग पण दोन-अडीच महिन्यांची, टीम जमते न जमते तोवर सामान बांधायची वेळ. लोबेरा आला तेव्हा त्याच्यासोबत गोव्याचे त्याचे जुने प्लेयर पण आले. तेव्हा अनेल्का वाईट कोच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, तो सहावा आला एवढंच म्हणेन.

याचा सगळ्यात चांगला पुरावा कुठला, तर तीच टीम, तोच सीझन, दोन कोच. वेन रूनी २०२३ च्या ऑक्टोबरला बर्मिंगहॅमला गेला तेव्हा टीम सहाव्या नंबरवर होती, पंधरा मॅचनंतर त्याला काढलं तेव्हा विसाव्या. जेरार्डला ॲस्टन व्हिलाने काढलं तेव्हा ते सतरावे होते, उनाई एमेरीने तेच प्लेयर घेऊन सीझन सातव्या नंबरवर संपवला. इथे वाद घालायला जागा फार कमी राहते. लँपार्डचं मात्र जरा गुंतागुंतीचं आहे, चेल्सीत पहिल्या वर्षी ट्रान्सफर बॅन, म्हणजे नवे प्लेयर घ्यायला बंदी, टीमचा स्टार हॅझार्ड गेलेला, पोरं खेळवून चौथा आला, ते उत्तम. दुसऱ्या वर्षी भरपूर पैसे खर्च करून टीम अडकली, जानेवारी २०२१ मध्ये त्याला काढलं आणि मे महिन्यात टुखेलने त्याच टीमला युरोपचं चॅम्पियन केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चेल्सीवाले मित्र पहिली सांगतात, बाकीचे दुसरी.

आता घरचं उदाहरण, आणि याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण मुंबईत फुटबॉल बघणाऱ्याने हे विसरता कामा नये. खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी, म्हणजे या शहराच्या फुटबॉलमध्येच मुरलेला मिडफिल्डर, इंजरीने करिअर आखडलं आणि २००९ ला मुंबई एफसीचा कोच झाला. कूपरेजच्या मैदानावर ती टीम बघायला जाणाऱ्यांची तक्रार काय असायची? बोअर खेळतात. सगळे मागे बसतात, ०-० ला समाधान मानतात. तक्रार खोटी नव्हती, पण बजेट काय होतं, समोर कोलकात्याचे आणि गोव्याचे क्लब काय पैसे टाकत होते, हे त्या तक्रारीत कधी यायचं नाही. सात वर्षं त्याने ती टीम आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, टिकवली. २०१६ मध्ये त्याची गच्छंती झाली.

पुढचं सीझन बघा. तो गेला मिझोरामच्या आयझॉलला, जी टीम आधल्या वर्षी रेलिगेट झाली होती, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलली गेली होती, आणि नंतर परत घेतली गेली, सोबत मुंबईतून जयेश राणे, आशुतोष मेहता असे प्लेयर, आणि २०१६-१७ ची आय-लीग जिंकला. नॉर्थईस्टमधल्या क्लबने जिंकलेली पहिली. त्याच सीझनला मुंबई एफसी टेबलच्या तळाला जाऊन रेलिगेट झाली आणि तिथेच क्लबचा कारभार आटोपला. म्हणजे ०-० ची किंमत काय होती ते तो गेल्यावर कळलं.

आता ऑगस्ट २०२५ पासून तो इंडियाचा कोच. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर, तेव्हा सगळीकडे "देसी कोच जिंदाबाद". महिन्याभराने एशियन कपच्या क्वालिफायरमध्ये गोव्यात फातोर्डाला सिंगापूरकडून १-२ हरलो, एशियन कप गेला, आणि तेच लोक "आय-लीग लेव्हलचा कोच" म्हणायला लागले. वहीत काय लिहायचं? त्याच्या हातात टीम आली तेव्हा त्या क्वालिफायरच्या दोन मॅच होऊन गेल्या होत्या, बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगकडून ०-१, म्हणजे दोन मॅचमध्ये एक पॉइंट. हे धरूनही सिंगापूरविरुद्ध घरच्या मैदानावर लीड घेऊन हरणं हे त्याच्याच खात्यात जातं, तिथे मी त्याला सूट देणार नाही. पण आधीचा खड्डा त्याने खणलेला नाही.

शिकायला कुठे बसला होता

प्लेयर म्हणून रिटायर होणं आणि कोच म्हणून पहिली मोठी नोकरी यांच्या मध्ये काय केलं ते शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. झिदान आँचेलोत्तीचा असिस्टंट होता, मग कास्तिया, म्हणजे रिआलची बी टीम, मग मेन टीम. नंतर २०१६, १७, १८ सलग तीन चॅम्पियन्स लीग, लोक म्हणाले नशीब, पण २०१६-१७ ला रोनाल्डोला आराम देत देत, अर्धी टीम बदलत त्याने ला लीगा पण काढली, ते नशिबाने होत नाही. शाबी अलोन्सोने माद्रिदला लहान पोरं शिकवली, रिआल सोसिएदादच्या बी टीमला तीन वर्षं दिली, मोठी ऑफर येतेय का म्हणून तडफडला नाही, आणि लेव्हरकुसेनला टेबलच्या तळातून उचलून २०२३-२४ ला बुंडेसलीगा एकही मॅच न हरता जिंकली. उलट बाजूला पिर्लो, ज्युव्हेंटसच्या अंडर-२३ चा कोच म्हणून नेमला आणि दहा दिवसांत मेन टीमवर बसवला. कप जिंकले, पण लीगमध्ये चौथा आणि एका वर्षात बाहेर. गॅरी नेव्हिल टीव्हीवर टॅक्टिक्स एवढे भारी समजावायचा की व्हॅलेन्सियाने थेट कामावर घेतला, चार महिने टिकला.

अपवाद आहेत. स्कालोनीला अर्जेंटिनाने नेमलं तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, आणि त्याने कोपा, वर्ल्डकप, परत कोपा असं सगळं आणलं. म्हणून ही खूण महत्त्वाची आहे पण शेवटचा शब्द नाही.

सोबत कोण बसलंय तेही बघा. जेरार्डने स्कॉटलंडच्या रेंजर्ससोबत २०२०-२१ ला एकही लीग मॅच न हरता टायटल काढलं तेव्हा ट्रेनिंगमधलं बरंचसं काम मायकल बील बघायचा असं बोललं जातं, तो व्हिलातून २०२२ च्या उन्हाळ्यात निघून गेला आणि ऑक्टोबरमध्ये जेरार्ड पण गेला. सगळं त्यामुळेच झालं असं नाही, पण असिस्टंट बदलला की टीम बदलते का यावर लक्ष ठेवा, फॅन लोक हे कधीच बघत नाहीत.

स्टेडियममध्ये नजर कुठे ठेवायची

मुंबई सिटीची मॅच बघायला अंधेरीला जाणार असाल तर शक्यतो वरच्या रांगेत बसा. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो आणि कोचचं काम बहुतेक बॉलपासून लांब चाललेलं असतं. आपलं स्टेडियम लहान आहे, वरून आख्खी टीम एका नजरेत येते, त्याचा फायदा घ्या.

पहिली गोष्ट, बॉल गेल्यानंतरचे पाच सेकंद. आपल्या प्लेयरकडून बॉल हिसकावला गेला की बाकीचे नऊ जण काय करतात? तिघं-चौघं एकदम तुटून पडतात, की एकजण पळतो आणि बाकीचे कमरेवर हात ठेवून बघतात, की सगळे ठरल्यासारखे मागे येऊन दोन लाइन लावतात? तुटून पडणं आणि मागे येणं दोन्ही चालतं. गडबड तेव्हा असते जेव्हा अर्धे पुढे धावतात आणि अर्धे मागे, मध्ये एवढी मोठी जागा मोकळी पडते की समोरच्याचा मिडफिल्डर तिथे निवांत बॉल घेऊन वर बघतो. हे एकदा झालं तर प्लेयरची चूक, प्रत्येक मॅचला व्हायला लागलं तर ट्रेनिंगमध्ये ते झालेलंच नाही असं समजा.

दुसरी, साठाव्या मिनिटाच्या आसपासचा सब. कोण आत गेला यापेक्षा तो गेल्यावर आकार बदलला का ते बघा. आत जायच्या आधी असिस्टंट त्याला टॅबवर किंवा कागदावर काहीतरी दाखवत असतो, आत गेल्यावर तो पळत जाऊन दोन-तीन जणांना बोटांनी खुणा करतो, तू इकडे ये, तू वर जा. हे दिसलं की समजायचं प्लॅन आहे. स्ट्रायकर काढून स्ट्रायकर टाकला आणि सगळं होतं तसंच चाललंय, तर कोच वाट बघतोय, काहीतरी होईल म्हणून.

कॉर्नरवरून एकाच पद्धतीने दोन-तीन मॅच गोल खाल्ला का, ते लक्षात ठेवा. प्लेयर म्हणून कोच कितीही मोठा असू दे, हे त्याचं आणि त्याच्या स्टाफचं होमवर्क आहे.

आणि टचलाइनवरच्या ड्रामाला मार्क नाहीत. जुना प्लेयर कोच झाला की बाजूला उभा राहून हवेतच हेडर मारतो, बाटली लाथाडतो, फोर्थ ऑफिशियलशी भांडतो आणि आपला स्टँड खूश, बघ किती पॅशन! पॅशन तुमच्या-माझ्यात पण आहे, आपल्याला कोणी नोकरी देत नाही.

सीझनभरासाठी एकच खूण सांगायची तर, प्लेयर सुधारले का. छांगटे मुंबईला आला तेव्हा वेगाने पळणारा पण शेवटी गडबडणारा विंगर अशीच त्याची ओळख होती, बकिंगहॅमच्या हाताखाली २०२२-२३ ला तो लीगचा बेस्ट प्लेयर ठरला. असे दोन-तीन प्लेयर दाखवता आले तर कोच कामाचा, मग टेबल काही का सांगेना. मोठ्या प्लेयरची नेहमीची अडचण इथेच असते, जे त्याला आपोआप जमायचं ते दुसऱ्याला का जमत नाही हेच त्याला कळत नाही आणि तो चिडतो.

थांबायचं किती

पहिल्या आठ-दहा मॅच कुठल्याच बाजूने मोजू नका. सोल्शायर मँचेस्टर युनायटेडला तात्पुरता कोच म्हणून आला आणि पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकला, पॅरिसला जाऊन पीएसजीला बाहेर काढलं, सगळे रडायचे बाकी होते, मार्चमध्ये कायमचा केला आणि तो सीझन सहाव्या नंबरवर संपला. आर्सेनलच्या आर्टेटाचं उलटं, दोन सीझन आठवा, २०२१ ला पहिल्या तीनही मॅच हरून टेबलच्या तळाला, माझ्या ओळखीतल्या प्रत्येक आर्सेनलवाल्याने त्याला तेव्हा हाकलला होता. नंतर सलग तीन सीझन दुसरा. आता ते म्हणतात आम्ही कधी तसं बोललोच नाही, तर स्क्रीनशॉट काढून ठेवत जा.

आपल्या मुंबई सिटीचा कोच जॉर्ज कोस्टा, पोर्तोचा जुना कॅप्टन, २००४ ची चॅम्पियन्स लीग जिंकलेला. २०१८ मध्ये सुरुवातीलाच गोव्याकडून ०-५. तिथे काढला असता तर कोणी अडवलं नसतं. क्लबने ठेवला, पुढे सलग नऊ मॅच हरला नाही आणि सेमीफायनल गाठली. तिथे परत गोव्याने घरी येऊन ५-१ धुतलं ते सोडा. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, तो गेला, वय ५३, तेव्हा मुंबईच्या फॅन लोकांनी ज्या आठवणी काढल्या त्यात ते ०-५ कोणी काढलं नाही.

साधारण एक प्री-सीझन आणि एक ट्रान्सफर विंडो त्याला स्वतःची मिळाली की मग हिशोब चालू करा. त्यानंतर मात्र "लेजंड आहे, वेळ द्या" हे बंद. जेवढी सूट दुसऱ्या कोणाला दिली असती तेवढीच.

आणि काढला की प्लेयर म्हणून त्याने जे केलं त्यावर थुंकू नका. रूनीचे गोल बर्मिंगहॅममुळे कमी होत नाहीत. बायकोमुलांवर, दिसण्यावर, भाषेवर जायचं नाही हे खरं तर सांगायला लागू नये, पण आपल्या स्टँडमध्ये बसून बघा एकदा.

पोराला टर्फवर घालायचं असेल तर

हे सगळं शेवटी खिशाला पण लागतं. मुंबईत दर दोन गल्ल्यांना टर्फ झालंय आणि प्रत्येकाच्या बॅनरवर कोणीतरी माजी प्लेयर हसतोय. फी भरायच्या आधी विचारा की बॅनरवरचा माणूस स्वतः शिकवतो की महिन्यातून एकदा येऊन फोटो काढून जातो. जो रोज शिकवतो त्याचं लायसन्स कुठलं ते विचारा, आपल्याकडे ई आणि डी पासून सुरू होऊन सी, बी, ए आणि प्रो अशी चढण आहे, लहान पोरांसाठी डी किंवा सी असलेला मन लावून शिकवणारा माणूस भरपूर झाला. मग एक सेशन बाजूला उभं राहून बघा, फोन खिशात ठेवून. तासाभरात पोरं किती वेळ लाइनमध्ये उभी आहेत आणि किती वेळ प्रत्येकाच्या पायात बॉल आहे. वीस पोरं आणि दोन बॉल असतील तर तो इंडियाकडून खेळलेला असला तरी निघा. चुकलेल्या पोराला तो काय बोलतो ते ऐका, "काय रे हे" म्हणतो की थांबवून पाय कुठे ठेवायचा ते दाखवतो. आणि ट्रायल सेशनचे पैसे मागितले तर आधी एक फुकट बघू द्या म्हणून सांगा, बहुतेक जण देतात.